मातोश्री जयंतीबाई : एका मातेचा कागदोपत्री शोध

(संघाच्या वार्षिक संमेलनात दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला व्याख्यानाचे आमंत्रण दिले तेव्हा विषय त्यांनीच सुचविला होता : ‘आपल्या ज्ञातीतील थोर पुरुष’. मी त्यांना नम्रपणे विचारले, की पुरुषांऐवजी एका मातेविषयी बोललो तर चालेल काय? त्यांनी मोकळ्या मनाने संमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ज्या मातेविषयी मी बोलणार आहे तिच्या कन्येचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. डॉ. रखमाबाई म्हटल्याबरोबर लंडनला जाऊन वैद्यकी शिकून आलेली, सुरत आणि राजकोट येथील रुग्णालयांत आयुष्य वेचलेली आणि त्यापूर्वी उच्च न्यायालयात आपल्या विवाहाविरुद्ध ठामपणे उभी राहिलेली ती तेजस्वी स्त्री डोळ्यांपुढे येते. मोहिनी वर्दे यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे आणि त्यांच्या खटल्यावर पुष्कळ विद्वत्ता खर्च झाली आहे. परंतु त्यांची आई कोण होती, असे विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? तिचे नाव जयंतीबाई. ज्या काळी हिंदू विधवेने मान वर करून चालणे हाच अपराध मानला जाई, त्या काळी या बाईने दुसरा संसार थाटला आणि पुढे मुलीच्या मागे सारा समाज लागला असता तिला आपल्या घरी सांभाळले. मुलीच्या हाती दिवा होता हे आपण पाहिले. त्यात तेल कोणी घातले, हे पाहावयाचे राहून गेले.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझ्या स्वतःच्या घरचा एक कबुलीजबाब आहे.

आमच्या गिरगावातील जुन्या बिऱ्हाडी एका पेटीत आमची वंशावळ होती. लांबलचक कागद, शाईने रेखलेला वृक्ष, सात पिढ्या. लहानपणी मी त्यातील नावे मोजली होती. त्रेचाळीस नावे निघाली आणि ती सारी पुरुषांची होती. जणू आमच्या घराण्यात सात पिढ्या पुरुषच पुरुषांना जन्म देत आले! एके ठिकाणी मात्र शाईचा मोठा डाग होता. वडिलांना विचारले असता ते म्हणाले, “दौत सांडली असेल.” पुढे कित्येक वर्षांनी घर आवरताना माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ खाली काढले. चिंचेने घासल्यावर त्याच्या काठावर एक नाव दिसू लागले. नाव माझ्या पणजीचेच होते. परंतु त्यापुढे कोरलेले पतीचे नाव आणि आडनाव आमच्या घराण्यातले नव्हते. तेव्हा माझ्या वृद्ध आत्याने हळू आवाजात सांगितले, की पणजी बालपणी विधवा झाली होती आणि पणजोबांशी तिचा पाट लागला होता. वंशावळीतील तो डाग दौत सांडल्याचा नव्हता. कोणीतरी बोट फिरवून ते सारे पुसून टाकले होते. भांड्यावरचे मात्र पुसता आले नव्हते.

त्या दिवसापासून जुन्या कागदांत स्त्रिया कोठे सापडतात याचा मला छंद लागला, आणि त्या छंदातच मी जयंतीबाईंपाशी येऊन पोहोचलो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. जयंतीबाई आपल्याला भेटतात त्या दुसऱ्यांच्या कागदांत. वडिलांच्या नावामागे कन्या म्हणून, दोन पतींच्या नावांमागे पत्नी म्हणून आणि मुलीच्या दाव्यात माता म्हणून. तेव्हा त्यांचा काळ ठरवावयाचा तो मुलीच्या वयावरून मागे हिशेब करीत करीतच ठरवावा लागतो.

रखमाबाईंची जन्मतारीख २२ नोव्हेंबर १८६४ अशी दिली जाते. त्यांच्या जन्मसमयी आईचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते आणि सतराव्या वर्षी आईला वैधव्य आले. यावरून जयंतीबाईंचा जन्म १८४९ च्या सुमाराचा ठरतो. त्यांचे वडील हरिश्चंद्र यादवजी. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह जनार्दन पांडुरंग यांच्याशी झाला. १८६७ च्या आसपास जनार्दनपंत वारले तेव्हा रखमाबाई अडीच वर्षांच्याही नसतील. त्यानंतर सुमारे सहा वर्षे जयंतीबाई विधवेचे जिणे जगल्या आणि मुलगी आठ वर्षांची असताना, म्हणजे १८७२-७३ च्या सुमारास, त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही पुऱ्या नव्हत्या.

कागद आपसांत नेहमी जुळतात असे मात्र नाही. १८८५ च्या निकालपत्रात रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी, अकरा वर्षांपूर्वी झाला असे धरून त्यांचे वय बावीस मानले आहे. वरील जन्मतारखेवरून पाहिल्यास त्या दिवशी त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. शोध करणाऱ्याने अशा वेळी गोंधळून जाऊ नये. मुलींच्या जन्माची टिपणे घरात कोणी जपून ठेवीत नसे, म्हणून न्यायाधीशांपुढेही वय अदमासानेच येई. एकदोन वर्षांचा फरक मनात धरून चालावे. घटनांचा क्रम बदलत नाही.

डॉ. सखाराम अर्जुन हे सामान्य गृहस्थ नव्हते. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून तयार झालेल्या पहिल्या काही पिढ्यांतील ते नामांकित डॉक्टर. वनस्पतिशास्त्राचे ते अध्यापक होते. प्रसूतिशास्त्रादी वैद्यकीय विषयांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले आणि मुंबईकडील औषधी द्रव्यांची त्यांनी केलेली सूची १८७९ साली प्रसिद्ध झाली. १८८३ साली भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे आपले डॉ. सखाराम अर्जुन. असा पुरुष विधुरावस्थेत एका मुलीसह असलेल्या विधवेचा पत्नी म्हणून स्वीकार करतो, ही गोष्ट त्याच्या मोठेपणाची आहेच. पण आपण आज विचार करतो आहोत तो जयंतीबाईंच्या मोठेपणाचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आपण अकारण पोवाडे गाऊ. त्या काळच्या वर्णनांत या घराण्यांची ज्ञाती सुतार म्हणून दिली आहे, आणि त्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला रूढीची आडकाठी नव्हती. ब्राह्मण समाजात हा विषय किती स्फोटक होता ते आपण जाणता. विष्णुशास्त्री पंडित यांच्या प्रयत्नाने १८६९ साली मुंबईत झालेल्या पुनर्विवाहाने केवढे वादळ उठविले आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर केवढा वाद झाला, हा इतिहास प्रसिद्ध आहे. तेव्हा जयंतीबाईंनी शास्त्र मोडले असे म्हणणे चुकीचे होईल. मग त्यांचे धैर्य ते कोठे?

माझ्या मते ते असे, की रूढीने दार उघडे असणे ही एक गोष्ट आणि त्या दारातून प्रतिष्ठित घरातील विधवेने बाहेर पाऊल टाकणे ही दुसरी. शहरात येऊन चार पैसे मिळविलेली, मुलांना इंग्रजी शाळेत घालणारी घराणी त्या काळी वरच्या ज्ञातींचे आचार उचलू लागली होती. पाट ही गरिबांची रीत, आपल्यासारख्यांच्या घरी ती शोभत नाही, असे म्हणण्यात भूषण वाटू लागले होते. आमच्या वंशावळीवरील शाईचा डाग याच भूषणाचा आहे! आपल्या आजोबा-पणजोबांनी सोवळे होण्याच्या भरात आपल्याच ज्ञातीचे एक शहाणपण पुसून टाकले. जयंतीबाई मात्र उघडपणे, एका विख्यात डॉक्टरच्या पत्नी म्हणून, मुंबईच्या भर वस्तीत नांदल्या.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह कायदेशीर केला खरा, परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. ती जणू मेली असे समजून मालमत्ता पुढील वारसाकडे जावी, असा त्याचा आशय. कायदा एका हाताने कुंकू देई आणि दुसऱ्या हाताने तिजोरीची किल्ली काढून घेई. जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वी आपल्या प्रथम पतीची मालमत्ता आठ वर्षांच्या रखमेच्या नावे करून दिली. नव्या घरात त्या मोकळ्या हाताने गेल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे याच मालमत्तेवरून त्यांच्यावर किटाळ आले.

आता या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे मी येतो. तो टाळून पुढे जाणे हे भाटाचे काम होईल.

ज्या स्त्रीने स्वतः चौदाव्या वर्षी विवाह, पंधराव्या वर्षी बाळंतपण आणि सतराव्या वर्षी वैधव्य भोगले, तिच्याच घरी तिच्या मुलीचा विवाह अकराव्या वर्षी झाला. आणि तो कोणाच्या घरात? प्रसूतिशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या सुधारक डॉक्टरच्या! वर दादाजी भिकाजी हे डॉ. सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले, एकोणीस वर्षांचे. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिक्षण घ्यावे आणि माणसांत यावे अशी बोली झाली होती.

हे असे का व्हावे? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. आपण मागे वळून पाहतो तेव्हा आपल्याला सारी वाट दिसते; चालणाऱ्याला पुढचे एक पाऊलच दिसत असते. आईला स्वतःच्या अनुभवावरून बहुधा एवढेच दिसले असेल, की मुलगी सासरी जाऊ नये, जावईच आपल्या नजरेसमोर राहावा. घरजावयाची बोली हा तिच्या मते सुरक्षिततेचा कोट होता. शिवाय वर्षभरात रखमाबाई वयात आल्या तेव्हा घराबाहेरच्यांची अपेक्षा होती की आता गर्भाधानविधी उरकावा. डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्याच्या ज्ञानाने तो होऊ दिला नाही. आईच्या पंधराव्या वर्षीच्या बाळंतपणाची पुनरावृत्ती त्या घरात झाली नाही. विवाहाची रूढी त्यांना मोडता आली नाही, परंतु तिचा दात त्यांनी काढून टाकला. याला कोणी अर्धी सुधारणा म्हणेल. म्हणो. पुढची सारी लढाई शक्य झाली ती या अर्ध्या सुधारणेमुळेच. कारण रखमाबाई दादाजींच्या घरी कधी नांदल्याच नव्हत्या, हाच पुढे न्यायालयात त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा ठरला.

मधल्या काळात दादाजींनी शिक्षण सोडले आणि ते आपले मामा नारायण धर्माजी यांच्या घरी राहू लागले. त्या घरचे वातावरण कुलीन स्त्रीने जाऊन राहावे असे नव्हते. दादाजींना क्षयासारख्या आजारानेही ग्रासले होते. इकडे रखमाबाई मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून घरी वाचीत होत्या आणि आईबरोबर प्रार्थना समाज व आर्य महिला समाज यांच्या सभांना जात होत्या. गिरगावातील प्रार्थना समाजाचे मंदिर १८७४ साली बांधले गेले. आजही त्या नाक्याला त्याचेच नाव आहे. रोज आपण तेथे बस पकडतो. परंतु दीडशे वर्षांपूर्वी पुनर्विवाहित आई आणि सासरी न गेलेली मुलगी अशा दोघी जणी त्या रस्त्याने सभेला निघाल्या, तर खिडक्या-खिडक्यांतून काय बोलले जात असेल, याची कल्पना आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनी मजपेक्षा अधिक चांगली करू शकतील.

१८८४ च्या मार्च महिन्यात दादाजींनी पत्नीला नेण्यासाठी माणसे पाठविली, रखमाबाईंनी जाण्याचे नाकारले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नंतरची हकीकत प्रसिद्ध आहे, म्हणून केवळ तारखा सांगतो. परंतु त्या तारखा आता आईच्या बाजूने वाचू या.

१६ एप्रिल १८८५ रोजी डॉ. सखाराम अर्जुन वारले. जयंतीबाई त्या वेळी पस्तीस-छत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना दुसऱ्यांदा वैधव्य आले. दावा चालू, घरचा कर्ता गेलेला, पाठीशी वृद्ध वडील. कोणतीही आई अशा वेळी मुलीला म्हणाली असती, “बाई गं, आता जा नवऱ्याच्या घरी, मला हे सोसवत नाही.” तसे झाले नाही. २६ जून १८८५ रोजी, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर एक पत्र प्रसिद्ध झाले. १९ सप्टेंबरला दुसरे पत्र आले आणि त्याचा विषय होता सक्तीचे वैधव्य. लेखिका रखमाबाईच होत्या. आजवर या पत्रांचा विचार मुलीच्या खटल्याच्या अनुषंगाने झाला आहे. पण सज्जनहो, ज्या घरात ते दुसरे पत्र लिहिले गेले त्या घरात पाच महिन्यांपूर्वी विधवा झालेली आई वावरत होती, हे आपण विसरता कामा नये. ज्या दुःखाविषयी मुलगी लिहीत होती ते तिने पुस्तकात वाचले नव्हते. ते दुःख तिच्यासमोर बसून तांदूळ निवडीत होते.

दुसऱ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. ज्या स्त्रीच्या संमतीवाचून बालपणी विवाह झाला आणि जी कधी नांदली नाही, तिला बळाने पाठविणे त्यांना रानटीपणाचे वाटले. १८८६ च्या मार्चमध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरविला. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा विद्वान होता, तरी उपयोग झाला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. या निकालानंतर त्यांनी लिहिलेले पत्र पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात छापले, आणि गिरगावातील एका घरातील प्रश्न सातासमुद्रापलीकडे गेला.

त्याच वर्षी दादाजींनी आपली बाजू मांडणारे निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा रोख असा, की रखमाबाईंचे मन आई आणि आजोबा हरिश्चंद्र यादवजी यांनी बिघडविले आणि त्यांना मुलीच्या नावची मालमत्ता आपल्या घरातून जाऊ द्यावयाची नव्हती. २९ जून १८८७ च्या ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये रखमाबाईंनी त्याला उत्तर दिले.

आपण पंचांच्या जागी बसून या आरोपाचा विचार करू. दादाजींच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे, की आपल्या संसारात आपला शब्द चालत नाही याचे दुःख कोणत्याही घरजावयाला होणारच, आणि ज्ञातीने बांधलेली गाठ खरी मानण्यात त्यांनी काही नवे केले नव्हते. परंतु मालमत्तेच्या लोभाचा आरोप जयंतीबाईंवर टिकत नाही. लोभी बाई पुनर्विवाह करतेच कशाला? विधवा राहून ती पतीच्या मालमत्तेचा आजन्म उपभोग घेऊ शकली असती. तिने ती मालमत्ता आपल्या हाताने मुलीला दिली आणि मगच बोहोल्यावर चढली. आरोपपत्रकाला उत्तर हवे असेल तर ते त्या एका कृतीत आहे.

शेवट कसा झाला याविषयी एक दंतकथा आहे, की व्हिक्टोरिया राणीने स्वतः हा विवाह रद्द केला. आपल्या पूर्वीच्या काही लेखांतही ती आली आहे. कथा गोड आहे, परंतु खरी नाही. १८८८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली आणि नंतर दुसरा विवाह केला. रखमाबाईंचा विवाह कायद्याने कधीच मोडला नाही. म्हणूनच १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे वस्त्र स्वीकारले. ज्या पतीच्या घरी त्या एक दिवसही राहिल्या नाहीत त्याच्या नावाने त्यांनी हे का केले असेल, यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. मी एवढेच म्हणेन, की दोनदा वैधव्य आलेल्या आईची ती मुलगी होती. त्या पांढऱ्या वस्त्राचा अर्थ आपल्यापेक्षा तिला अधिक कळत असावा.

१८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना मोठे साहाय्य केले. १८९४ साली शिक्षण पुरे करून त्या परतल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयात थोडा काळ राहिल्या आणि १८९५ पासून सुरतेस व पुढे राजकोटला त्यांनी सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादातूनच १८९१ चा संमतिवयाचा कायदा पुढे आला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद मात्र १९२३ सालीच रद्द झाली. आई पंधराव्या वर्षी बाळंत झाली होती आणि मुलीने सुरतेस हजारो आयाबायांची बाळंतपणे सुखरूप पाहिली. मला वाटते, याहून अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

बंधुभगिनींनो, आता व्यवहाराचे बोलतो. आपला संघ नवी ज्ञातिवंशावळ सिद्ध करण्याच्या विचारात आहे. माझी त्याबाबत तीन मागणी आहेत.

पहिली ही, की प्रत्येक पुरुषाच्या नावाबरोबर त्याच्या पत्नीचे नाव, माहेरचे नाव, तिच्या आईवडिलांची नावे आणि गाव नोंदले जावे. आपल्याकडे विवाहात मुलीचे नाव बदलण्याची चाल असल्यामुळे एकच बाई दोन कागदांत दोन बायका होऊन बसते. दोन्ही नावे लिहिली नाहीत तर पुढच्या पिढीला तिचा माग लागणार नाही.

दुसरी ही, की कागद म्हणजे केवळ वंशावळ नव्हे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या सह्या आहेत. घराच्या खरेदीखतांत, मृत्युपत्रांत, महापालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत, मुलींच्या शाळांच्या पटांत, तसबिरींच्या पाठीमागे आणि लग्नात आंदण आलेल्या भांड्यांवर आपल्या आज्यांची नावे आहेत. न्यायालयाचे जुने निकाल छापील खंडांतून पाहावयास मिळतात. रखमाबाईंचा खटला मुंबईच्या खंडांत १८८५ आणि १८८६ या दोन्ही वर्षांच्या निकालांत आहे. भांडी मोडीत घालण्यापूर्वी काठावरचे नाव तरी उतरवून घ्या, एवढी विनंती मी आजच करून ठेवतो. आणि घरात वृद्ध आत्या असेल तर तिच्यापाशी जाऊन बसा. तिला विचारावयाचे आहे ते पुढच्या संमेलनापर्यंत तहकूब ठेवू नका.

तिसरी मागणी सर्वांत कठीण. जे सापडेल ते लिहा. पाट लागला असेल तर पाट लागला असे लिहा. विधवा असेल, टाकलेली असेल, कोर्टात गेलेली असेल, तरी लिहा. त्यात घराण्याला कमीपणा येत नाही. ज्या ज्ञातीने विधवेला पुन्हा संसार करू दिला त्या ज्ञातीला शरम वाटण्याचे कारण नाही. शरम वाटावयाची असेल तर ती मागाहून बोट फिरविणाऱ्यांना वाटावी.

माझ्या घरच्या वंशावळीची मी अलीकडे नवी प्रत केली आहे. जेथे डाग होता तेथे पणजीचे नाव आता स्वच्छ अक्षरांत आहे आणि त्याच्या पुढे दोन्ही पतींची नावे आहेत. घंगाळ आजही आमच्या घरी आहे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यातच पाणी तापवितो. गेल्या दिवाळीत नातीने काठावर बोट ठेवून विचारले, “आजोबा, ही कोण?” तिला उत्तर देताना आवाज खाली आणावा लागला नाही, याचे समाधान मोठे आहे.

जयंतीबाईंचे तैलचित्र आपल्या सभागृहात नाही. परंतु नव्या वंशावळीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव यावे अशी सूचना मी या सभेपुढे ठेवतो. अध्यक्षमहाराज ती विचारार्थ घेतील अशी आशा आहे.